एक अनेक और एकता
फिल्म्स डिव्हिजनचा हिंदी शैक्षणिक ॲनिमेशनपट (१९७४). दिग्दर्शिका विजया मुळे (१९२१–२०१९). चित्रांकन भीमसैन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, तर गीत विनयचंद्र मौद्गल्य यांचे आहे. सुमारे सात मिनिटांचा हा लघुपट दूरदर्शनमुळे देशभर परिचित झाला.

या लघुपटातील संवादांची एकसंधता मुख्यतः शब्दयोजनेतून सिद्ध होते. ‘अनेक’ म्हणजे काय, या लहान मुलाच्या प्रश्नाने संवाद सुरू होतो. दीदी सूर्य, चंद्र व तारे दाखविते. तेव्हा ताऱ्यांनाच ‘अनेक’ म्हणतात, असा मुलाचा ग्रह होतो. एकाच उदाहरणाने शब्द कळत नाही, हे या चुकीतून सूचित होते. पुढे खारी, फुलपाखरे अशी नामे बदलत जातात. ‘एक’ व ‘अनेक’ ही जोडी मात्र कायम राहते. जाळे घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची कथा ⇨ पंचतंत्रातील चित्रग्रीवाच्या आख्यानाशी जुळणारी आहे. तीतील शहाण्या पक्षिणीच्या तोंडचे ‘मोठे काम’ हे शब्द नंतर मुलाच्या प्रश्नात येतात आणि कथा मुलांच्या जगाशी जोडली जाते.

‘हिम्मत’, ‘दोस्त’ हे फार्सीच्या द्वारे रूढ झालेले शब्द आणि ‘एकता’ हा संस्कृत शब्द येथे सहजपणे एकत्र नांदतात. म. गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी प्रचार सभेला अभिप्रेत असलेली मिश्र, सुबोध भाषा हीच होय.

तथापि या एकसंधतेत एक उणीव झाकली जाते. आरंभी ‘अनेक’ म्हणजे एकाच जातीच्या पुष्कळ वस्तू. अखेरच्या गीतात मात्र त्याचा अर्थ रंग, वेश व भाषा यांची भिन्नता असा होतो. जोडीचा क्रमही उलटतो : आधी एकाकडून अनेकांकडे, नंतर अनेकांकडून एकाकडे. सजातीय पक्ष्यांच्या ऐक्यावरून भिन्न जनांचे ऐक्य सिद्ध होत नाही. तेथे केवळ शब्दाची पुनरावृत्ती युक्तिवादाची जागा घेते. जाळे कुरतडणारे उंदीर हे भिन्न जातीच्या साहाय्याचे खरे उदाहरण होते. पण त्यांना उद्देशून ‘अनेक’ हा शब्द संवादात योजिलेला नाही. बालकाला शब्द शिकविण्यात हा लघुपट पूर्ण यशस्वी ठरतो. भिन्नतेतील ऐक्याचा विचार मात्र तो मुख्यतः गीताच्या आवाहनावर सोपवितो.