बॉम्बे रक्तगटाचा शोधनिबंध आणि संशोधन-मूल्यमापनाची मोजपट्टी

महाविद्यालयीन अध्यापकाच्या संशोधनाचे मूल्यमापन आज बहुतांशी शोधनिबंधांची संख्या व नियतकालिकाचा प्रभावांक यांवर होते. ही मोजपट्टी कितपत विश्वसनीय आहे, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एकाच शोधनिबंधाचा विचार केला आहे. तो उरणच्या समोर, खाडीपलीकडे असलेल्या परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे.

सदर निबंध १९५२ साली 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्याची व्याप्ती जेमतेम दोन पानांची, लेखक मात्र सात. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया हे मुंबईचे. रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे लंडनचे. एबीओ प्रणालीशी संबंधित एका 'नव्या' रक्तगट-लक्षणाची ही नोंद. शीर्षकातील 'नवे' हा शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत ठेवला आहे. आजच्या शीर्षकांचा थाट पाहता हा संयम लक्षात राहतो.

तांबड्या पेशींवरील ए व बी हे प्रतिजन एच या मूळ घटकावर घडतात. 'ओ' गटाच्या व्यक्तीत ए व बी नसतात, परंतु एच असतो. मुंबईत आढळलेल्या व्यक्तींमध्ये तोही नव्हता. नेहमीच्या चाचणीत असे रक्त 'ओ' भासते. मात्र त्यातील एच-विरोधी प्रतिद्रव्य 'ओ' रक्ताच्या पेशींनाही गोठवते. त्यामुळे ज्याला सर्वदाता म्हणतात त्या 'ओ' गटाचे रक्तही अशा रुग्णास घातक ठरते. रोगप्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा आहेच. रक्तपेढीच्या टेबलावर तो जीवनमरणाचा प्रश्न होतो.

आता आपली मोजपट्टी लावून पाहू. १९५२ मध्ये प्रभावांक नव्हता. यूजीन गारफिल्ड यांनी संदर्भसूचीची कल्पना मांडली ती १९५५ साली. २००५ च्या एच-निर्देशांकाचा नियम असा की एकच निबंध लिहिणाऱ्याचा निर्देशांक, त्याचे हजार उल्लेख झाले तरी, एकच राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दोहोंपेक्षा अधिक लेखक असल्यास मुख्य लेखकास ७० टक्के व इतरांस प्रत्येकी ३० टक्के गुण मिळतात. म्हणजे तिसऱ्या क्रमांकावरील भाटिया ३० टक्क्यांचे धनी. याच भाटियांनी एम. एस. साठे यांच्यासह १९७४ मध्ये मुंबईतील या गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक असे दाखवून दिले. अशा चिकाटीच्या पाठपुराव्यासाठी तक्त्यात रकाना नाही. (आयोगाची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली, गुण मोजण्याची सवय मात्र कायम आहे.)

याहून मोठी अडचण उल्लेखांच्या गणनेतच आहे. एखादा शोध शास्त्राच्या अंगात इतका मुरतो की त्याचा मूळ निबंध कोणी उद्धृत करीत नाही. जगभरचे तंत्रज्ञ 'बॉम्बे' हा शब्द वापरतात. १९५२ चा लॅन्सेट त्यांपैकी किती जणांनी उघडला असेल? प्रभाव पूर्ण झाला की संदर्भ थांबतो, आणि मोजणारा त्यालाच प्रभावाचा अभाव समजतो. भेंडे यांनी सहलेखकांसह लिहिलेल्या विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाबाबतही हेच म्हणता येईल.

तथापि गौरवाच्या भरात मर्यादा झाकू नयेत. हा निबंध मोजक्या व्यक्तींच्या निरीक्षणावर उभा होता. आनुवंशिकतेचा धागा १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या अभ्यासातून पुढे नेला, आणि एफयूटी१ जनुकातील दोषांचा उलगडा १९९० च्या दशकात मुख्यतः परदेशी प्रयोगशाळांत झाला. रुग्ण आपले, निरीक्षण आपले, कारणमीमांसा मात्र दुसऱ्यांची, ही विभागणी १९५२ च्या लेखक-यादीतही दिसते. तिचा दोष भेंड्यांच्या माथी मारता येणार नाही. साधनांचा अभाव हे उघड कारण आहे. परंतु १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाल्यानंतरही जनुकीय टप्पा गाठण्यात आपण मागे का राहिलो, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासकारांनी हाती घ्यावयास हवा.

संशोधकाचे नावही या गटाला लाभले नाही. लाभले ते शहराचे, आणि शहराने ते १९९५ मध्ये बदलले. रक्तपेढ्यांच्या नोंदवहीत मात्र 'बॉम्बे' तसेच आहे.