बंदा सिंह एका क्षणात घडला का?

बंदा सिंहची साखी नांदेडमध्ये लहान पोरंही सांगतात. गोदावरीकाठी माधोदास नावाचा बैरागी राहायचा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी त्याच्या मठात आले आणि थेट त्याच्या पलंगावर बसले. माधोदासाने मंत्राच्या जोरावर पलंग उलटवायचा प्रयत्न केला, पण पलंग हलेना. मग तो पाया पडला, गुरूंचा ‘बंदा’ झाला आणि पंजाबात जाऊन त्याने सरहिंद जिंकलं.

अहंकार कसा गळतो, हे दाखवायला ही साखी चोख आहे. पण माझा आक्षेप तिच्या मापाबद्दल आहे. पलंगाला सगळा वेळ मिळतो आणि सरहिंद एका वाक्यात उरकतं. बैरागी सेनापती कसा झाला, हा प्रश्न पडायलाच ती जागा ठेवत नाही. रीलमध्ये तर फक्त पलंगच उरतो.

खरं तर नांदेडहून निघताना बंदाकडे फौज नव्हती. परंपरेनुसार त्याच्याजवळ पाच बाण, निशाण, नगारा, मोजके सोबती आणि शिखांच्या नावे लिहिलेले हुकुमनामे होते. म्हणजे गुरूंनी त्याला अधिकार दिला. लढणारे हात पंजाबच्या गावांत आधीच तयार होते. त्यामागे शंभर वर्षांची मेहनत होती. गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्यानंतर १६०६ साली गुरू हरगोविंदांनी दोन तलवारी धारण केल्या, घोडे आणि शस्त्रं जमवली. पुढे आनंदपूरला होळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गट पाडून लुटुपुटूच्या लढाया होऊ लागल्या. तोच होला मोहल्ला. एवढी तयारी असूनही सरहिंद पडायला मे १७१० उजाडलं.

आणि हे लढवय्ये होते कोण? १६९९ च्या पंजप्याऱ्यांमध्ये परंपरा एक खत्री, एक जाट, एक पाणक्या, एक छिंबा आणि एक न्हावी सांगते. यातले न्हावी, भाई साहिबसिंग, बीदरचे. बीदर म्हणजे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या पलीकडचं गाव! तरी हे नाव इकडे फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण चमत्काराची गोष्ट ऐकणाऱ्याला फक्त प्रेक्षक करते. वस्तरा चालवणारा माणूस रोजच्या सरावाने तलवार धरायला शिकला, ही गोष्ट ऐकणाऱ्यालाही कामाला लावते. नांदेडच्या होला मोहल्ल्यात गतका खेळणाऱ्या पोरांचे घट्टे पडलेले हात बघा. साखीतून गाळलेला भाग त्या हातांवर आहे.