क्वांट्झची दुसरी चावी

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बासऱ्यांचा एक मोठा संग्रह आहे. डेटन मिलर या भौतिकशास्त्रज्ञाने आयुष्यभर जमवलेला. त्यातली आबनुसाची, हस्तिदंती कड्यांची एक आडवी बासरी अठराव्या शतकातली आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्यासाठी ती घडवली योहान योआखिम क्वांट्झने. राजाची बासरी म्हटल्यावर नजर ऐश्वर्य शोधू लागते, पण हिचे खरे ऐश्वर्य तळाशी, करंगळीजवळच्या दोन चाव्यांत, म्हणजे भोकांची उघडझाप करणाऱ्या खटक्यांत, आहे.

त्या काळच्या बासरीला सहा भोके आणि एकच चावी असे. डी शार्प आणि ई फ्लॅट हे दोन्ही स्वर त्याच चावीवर भागवले जात. क्वांट्झच्या कानाला मात्र ई फ्लॅट किंचित चढा हवा होता. म्हणून १७२६ मध्ये त्याने दुसरी चावी बसवली. दरबारीतला कोमल गंधार पेटीवर सापडत नाही, असे म्हणणाऱ्या श्रोत्याला हा हट्ट समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरे कसब तोंडाकडच्या तुकड्यात आहे. युरोपात सुराची पट्टी शहरागणिक बदलत असे. त्यासाठी वादक बासरीचे कमीअधिक लांबीचे मधले तुकडे जवळ बाळगत. पण तुकडा बदलला की सूर एकदम हलतो. क्वांट्झने तोंडाकडचा तुकडाच दोन भागांत केला आणि ते एकमेकांत सरकते ठेवले. उरलेला बारीक फरक तिथे मिटवता येई.

हे सुचले, कारण कारागीर स्वतः वादक, संगीतकार आणि राजाचा गुरू होता. लोहाराचा हा मुलगा १७४१ मध्ये फ्रेडरिकच्या चाकरीत आला. त्याला वर्षाला दोन हजार थालर पगार होता, शिवाय प्रत्येक बासरीचे वेगळे पैसे मिळत. १७५२ च्या आपल्या ग्रंथात त्याने या चाव्यांमागची कारणेही मांडली.

तरीही दुसरी चावी फारशी रुजली नाही. ओठांनी सूर सावरणाऱ्या वादकांना एक चावी पुरत होती. पुढे आधुनिक बासरी घडवणाऱ्या थिओबाल्ड ब्योमच्या बासरीतही या दोन स्वरांना एकच चावी राहिली. सोय जिंकली, यात नवल नाही. पण क्वांट्झच्या रचना दोन चाव्यांच्या बासरीवर वाजवलेली ध्वनिमुद्रणे आज मिळतात. ती जरूर ऐका. त्याचा हट्ट रास्त होता हे कानच सांगतील.