शोध रोगाचा की ऋतूचा? : ‘गुगल फ्लू ट्रेंड्स’ची चिकित्सा

आजारी मनुष्य दवाखान्यात जाण्यापूर्वी इंटरनेटवर लक्षणे शोधतो, या साध्या निरीक्षणावर गुगलने २००८ मध्ये ‘फ्लू ट्रेंड्स’ हा उपक्रम उभारला. त्याची शास्त्रीय मांडणी २००९ मध्ये ‘नेचर’च्या अंकात छापली गेली. अमेरिकेतील ५ कोटी शोधशब्दांतून ४५ निवडून हे प्रारूप सिद्ध झाले. तेथील रोगनियंत्रण केंद्राचे आकडे एक-दोन आठवड्यांनी येतात. येथे अंदाज एका दिवसात मिळे. पडताळणीतील सरासरी सहसंबंध ०.९७ इतका होता.

प्रस्तुत लेखकास शंका आहे ती या ०.९७ विषयीच. फ्लू हिवाळ्यात वाढतो, आणि अमेरिकेतील शाळांचे बास्केटबॉलचे सामनेही हिवाळ्यातच रंगतात. पहिल्या शंभर शब्दांत बास्केटबॉल आल्याचे मूळ निबंधातच नमूद आहे. अंतिम ४५ मध्ये तो नाही, हे खरे. परंतु ज्या निवडपद्धतीत खेळ आणि खोकला शेजारी बसतात, ती रोग मोजते की ऋतू? २००९ च्या वसंतात एच१एन१ची साथ ऋतू सोडून आली आणि प्रारूपाने ती कमी लेखली. पुढे दुरुस्ती झाली, तरी ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ पैकी १०० आठवड्यांत अंदाज फुगलेलेच निघाले, असे लेझर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मधून दाखविले. तीन आठवडे शिळे सरकारी आकडेही याहून सरस ठरत होते!

चूक होणे हा शास्त्रात अपराध नव्हे. आक्षेप निराळा आहे. ते ४५ शब्द कोणते, हे कधीच जाहीर झाले नाही. म्हणजे इतरांनी प्रयोग पुन्हा करून पाहण्याची वाटच बंद झाली. सहसंबंध छापावा आणि त्याचा आधार झाकून ठेवावा, ही रीत विद्यापीठीय प्रबंधातही खपत नाही.

‘डेंग्यू ट्रेंड्स’ या जोड-उपक्रमात भारताचाही समावेश होता. तेथेही शोधशब्दांची कसोटी शासकीय रुग्णसंख्याच होती. आपल्याकडे डेंग्यूचे असंख्य रुग्ण सरकारी नोंदीत येतच नाहीत. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही, ते शोधाच्या नोंदीतही नसतात. अपुऱ्या मापाने पारखलेले दुसरे माप पहिल्याची उणीव कशी भरून काढणार, याचे उत्तर न देताच दोन्ही उपक्रम २०१५ मध्ये बंद झाले.