घट्ट नॉबची समीक्षा : रायफल-दुर्बिणीची नियंत्रके आणि वापरणाऱ्याचा हात

मराठीत 'समीक्षा' हा शब्द उच्चारला की कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्र वा चित्रपट डोळ्यांसमोर येतो. हातात धरून वापरावयाच्या वस्तूच्या वाट्याला समीक्षा सहसा येत नाही. तिच्या वाट्याला येते ती जाहिरात किंवा तक्रार. कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात स्वतंत्र सौंदर्य आणि वस्तूच्या प्रयोजनाशी बांधलेले सौंदर्य असा भेद केला होता. सौंदर्यशास्त्राच्या अध्यापनात यांतील पहिल्या प्रकाराचीच चर्चा अधिक होते. दुसरा प्रकार मात्र रोज हाताखालून जात असतो. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा वस्तूचा, रायफलवर बसविलेल्या दुर्बिणीच्या नॉबचा, विचार केला आहे. हा नॉब पुष्कळदा फार घट्ट फिरतो. तो सैल कसा करावा, या प्रश्नाला दिली जाणारी रूढ उत्तरे तपासली असता एक गोष्ट लक्षात येते : ही उत्तरे नॉबलाच दोषी धरतात आणि तो फिरविणाऱ्या हाताचा विचारच करीत नाहीत.

नॉबच्या आत

रायफलच्या दुर्बिणीवर साधारणतः वरच्या बाजूस एक आणि उजव्या बाजूस एक असे दोन नॉब असतात. वरचा नॉब नेम वरखाली सरकवितो, उजवीकडचा आडवा. दुर्बिणीच्या बाहेरील नळीच्या आत एक लहान नळी एका टोकाशी खिळवलेली असते. नॉब फिरविला की त्याचा स्क्रू या आतल्या नळीला ढकलतो आणि समोरची स्प्रिंग तिला परत स्क्रूवर दाबून धरते. नॉबच्या पोटात दातेरी कडे असते. त्याच्या खाचांत एक लहान गोळी स्प्रिंगच्या जोराने बसते आणि प्रत्येक खाचेला 'टक्' असा आवाज होतो. यालाच नेमबाज 'क्लिक' म्हणतात. दशमान पद्धतीच्या दुर्बिणीत एक क्लिक बहुधा ०.१ मिलिरेडियनचा असतो. म्हणजे १०० मीटरवर नेम १ सेंटिमीटरने सरकतो, ३०० मीटरवर ३ सेंटिमीटरने. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत पाव मिनिटाच्या कोनाचा क्लिक १०० मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर भरतो.

इतके पाहिले तरी 'घट्टपणा' हा एक दोष नसून निरनिराळ्या कारणांनी येणाऱ्या अनेक प्रतिकारांचे ते एकच नाव आहे, हे ध्यानात येते. गोळी खाचेतून उचलण्यास लागणारा जोर हा एक प्रतिकार. आतल्या नळीला दाबणाऱ्या स्प्रिंगचा जोर हा दुसरा; तो ओळखण्याची खूण अशी, की एका दिशेने नॉब जड जातो आणि उलट दिशेने हलका. पाणी व धूळ आत शिरू नये म्हणून घातलेल्या रबरी ओ-रिंगचे घर्षण हा तिसरा, आणि तो दोन्ही दिशांना सारखाच जाणवतो. थंडीत दाट झालेले किंवा जुनेपणाने वाळलेले ग्रीस हा चौथा. याखेरीज एक प्रतिकार वापरणारा स्वतःच निर्माण करतो. रायफलवर दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळले तर पातळ नळी दबते आणि आतील फिरते भाग अडू लागतात. कड्यांसाठी अनेक उत्पादक सुमारे २ न्यूटन-मीटरच्या आतील आघूर्ण सांगतात. ॲलन कीच्या लांब टोकावर भार टाकणारा उत्साही हात ते सहज ओलांडतो.

यांपैकी ओ-रिंगच्या घर्षणाला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत लक्ष्यवेधासाठी वापरल्या जाणाऱ्या उनर्टलसारख्या लांब दुर्बिणींत नॉब दुर्बिणीवर नसून तिच्या बैठकीवर असत. मायक्रोमीटरसारखे ते नॉब सबंध दुर्बीणच हलवीत. ते बाहेर असल्याने दुर्बिणीला त्यांच्यासाठी भोक पाडावे लागत नसे आणि ते भोक बुजविण्याचा प्रश्नही उद्भवत नसे. पुढे नॉब आतल्या नळीला जोडले गेले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून धुके धरू नये म्हणून दुर्बिणीत नायट्रोजन भरण्याची पद्धत रूढ होत गेली. त्याबरोबर प्रत्येक फिरत्या दांड्याभोवती रबराचा पहारा बसविणे भाग पडले. आजच्या नॉबच्या घट्टपणातला काही अंश हे पावसात काच स्वच्छ राहण्याचे मोल आहे. ते मोल अवास्तव आहे, असे म्हणता येणार नाही.

रूढ उपायांची मर्यादा

घट्ट नॉबवर सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय तेलाचा. पातळ, भेदक तेलाचा फवारा मारला की नॉब काही दिवस हलका फिरतो, हे खरे. पण असे तेल मूळचे ग्रीस विरघळवून नेते, खाचेतल्या गोळीची टक् बोथट करते आणि काचेपर्यंत झिरपले तर कायमचा डाग ठेवून जाते. दुसरा उपाय नॉब उघडून स्प्रिंग कापण्याचा किंवा बदलण्याचा. यात अज्ञानाचा भाग मोठा आहे. बाहेरील टोपी काढून शून्याची खूण जुळविणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. टोपीखालचा स्क्रूच बाहेर काढणे म्हणजे नायट्रोजनला वाट करून देणे होय. शिवाय गोळीची स्प्रिंग सैल केली की नॉब हलका होतो, परंतु पिशवीत किंवा म्यानात घासूनही तो फिरू लागतो. हलकेपणा मिळतो तो विश्वासाच्या बदल्यात.

या मानाने दोन साधे उपाय अधिक समंजस आहेत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा सावकाश फिरविणे हा पहिला. त्याने साठून राहिलेले ग्रीस पुन्हा पसरते. अर्थात फेरे मोजून मूळ जागी परत यावे लागते आणि टोकाशी जोर करावयाचा नसतो. कड्यांचे स्क्रू ढिले करून नॉब हलका होतो का हे पाहणे हा दुसरा. होत असेल तर दोष नॉबचा नव्हताच. मात्र या दोन्ही उपायांनी दुरुस्त होतो तो बिघाड. जो नॉब कारखान्यातून निघतानाच घट्ट आहे त्याविषयी ते काही सांगत नाहीत, आणि समीक्षेचा विषय खरा तोच आहे.

घट्टपणा आणि मोजणी

नॉब घट्ट असण्याने नेमके काय बिघडते? बोटांना श्रम पडतात, हे उत्तर वरवरचे आहे. स्थिर घर्षण हे सरकत्या घर्षणापेक्षा अधिक असते. घट्ट नॉबवर बोटांचा जोर वाढत जातो, नॉब हलत नाही; मग तो एकाएकी सुटतो आणि एका क्लिकऐवजी दोन-तीन क्लिक पुढे जातो. नेमबाज मनात 'एक' म्हणतो, नॉब तीन म्हणतो. क्लिकचे प्रयोजनच मुळी डोळा न हलविता बोटाला मोजता यावे हे आहे. ते प्रयोजन येथे फसते. ३०० मीटरवर हा फरक ६ सेंटिमीटरचा होतो. त्यातच जोर लावण्यासाठी गाल रायफलच्या दस्त्यावरून उचलावा लागतो आणि जुळवून आणलेली बैठक मोडते, ते वेगळेच.

येथे नॉबचा आकार महत्त्वाचा ठरतो. उदाहरणादाखल, नॉब फिरविण्यास ०.१ न्यूटन-मीटर आघूर्ण लागते असे धरू. २० मिलिमीटर व्यासाच्या नॉबवर अंगठा व तर्जनी यांना प्रत्येकी ५ न्यूटन, म्हणजे सुमारे अर्धा किलो वजनाइतका जोर कडेला लावावा लागेल. व्यास ४० मिलिमीटर केला तर तो निम्मा होतो; १०० मिलिमीटरला तो १ न्यूटनवर येतो. आतल्या एकाही भागाला हात न लावता हे घडते. गोळी तितक्याच जोराने खाचेत बसते, ओ-रिंग तितकीच घट्ट राहते. त्याखेरीज १०० क्लिकांचा एक फेरा ३० मिलिमीटरच्या नॉबवर एकेका क्लिकला १ मिलिमीटरपेक्षाही कमी जागा देतो. व्यास वाढला की बोटाला क्लिक सुटासुटा जाणवतो. नॉबच्या अंगावर केलेले नर्लिंग बारीक आणि झिजलेले असेल तर बोट घसरू नये म्हणून चिमटीचा दाब आणखी वाढवावा लागतो. म्हणजे घट्टपणाचा मोठा भाग नॉबच्या पोटात नसून त्याच्या घेरात आणि कातडीत आहे.

हा निव्वळ कागदी हिशेब नव्हे. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास आकाराला आलेल्या 'फील्ड टार्गेट' या एअर रायफलच्या खेळात लक्ष्याचे अंतर सांगितले जात नाही. नेमबाजाने ते दुर्बिणीच्या डाव्या बाजूच्या फोकस-नॉबने ओळखावयाचे असते. प्रतिमा ज्या खुणेवर सुस्पष्ट होते ते अंतर. या खेळाडूंनी त्या नॉबवर मोठे चाक चढविले, आणि आज ते चाक हीच या खेळाची ओळख झाली आहे. चाकाने दोन गोष्टी साधल्या : जड नॉब एका बोटाने फिरू लागला आणि एकमेकींना चिकटलेल्या अंतराच्या खुणा लांब परिघावर मोकळ्या झाल्या. घट्टपणा काढून टाकण्याऐवजी त्याच्याशी हाताचे नाते बदलण्याचा हा उपाय वापरणाऱ्यांनी शोधला, उत्पादकांनी नंतर उचलला. रचनाकाराने गृहीत धरलेला हात आणि प्रत्यक्षातला हात यांतले अंतर इतक्या ठसठशीतपणे दाखविणारे उदाहरण विरळाच.

गृहीत धरलेला हात

तो गृहीत हात कोणाचा आहे? निरोगी, कोरडा, तरुण आणि हातमोजा न घातलेला. संधिवात झालेल्या बोटांना चिमटीची पकड सर्वांत अवघड जाते. दिव्यांगांच्या नेमबाजीत एसएच-२ या गटातील खेळाडू हातांतील मर्यादेमुळे रायफलचे वजन पेलू शकत नाहीत आणि त्यांना स्प्रिंगचा आधार दिला जातो. रायफलचा भार सार्वजनिक नियमाने विचारात घेतला गेला; नॉबचा भार ज्याचा त्याने सोसावा, अशी स्थिती आहे. ऑलिम्पिक प्रकारांतील रायफलवर दुर्बीण चालत नाही, तेथे छिद्राचे साइट असते, परंतु क्लिक देणारे नॉब त्यालाही असतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. त्या प्रकारात वारा पाहून साइटचे क्लिक फिरविणे हे स्पर्धेतील कौशल्यच आहे. नॉब म्हणजे केवळ जोडभाग, असे मानणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याचे उत्तर अनेक वर्षे पडून आहे. अनेक सूक्ष्मदर्शकांच्या मोठ्या फोकस-नॉबशेजारी ताण कमीजास्त करणारे कडे असते. नॉब सैल पडून मंच आपोआप खाली सरकू लागला की ते आवळावे, जड वाटला की ढिले करावे. (पुष्कळ प्रयोगशाळांत ते कडे विद्यार्थ्यांना दाखविलेच जात नाही, हा भाग निराळा.) हात सारखे नसतात, ही कबुली या कड्यात आहे. बहुतेक रायफल-दुर्बिणींत अशी सोय नाही. तेथे कंपनीने ठरविलेला घट्टपणा हाच दर्जा, आणि 'ठाम क्लिक' हे त्याचे विक्रीतले नाव.

सॅम फार्बर यांनी संधिवाताने त्रस्त झालेल्या पत्नीची अडचण पाहून जाड, मऊ मुठीची स्वयंपाकघरातील साधने करवून घेतली आणि १९९० मध्ये ती 'ऑक्सो' या नावाने बाजारात आली. सोलण्याच्या पात्याची धार त्यांनी कमी केली नाही, मूठ बदलली. ती मूठ निरोगी हातांनीही आपलीशी केली.

मोठ्या घेराच्या नॉबवर एक आक्षेप मात्र रास्त आहे. झाडीतून चालणाऱ्याच्या रायफलवर तो फांदीत अडकतो, धक्क्याने फिरतो आणि नेम न कळत हलतो. पूर्वीचे बुटके, टोपीखाली झाकलेले नॉब याच कारणाने आले होते आणि त्या वापरापुरते ते योग्यच होते, कारण एकदा झिरो जुळवून ते पुन्हा क्वचितच हलवावयाचे असत. अडचण उद्भवली ती तोच बुटका नॉब प्रत्येक नेमाला फिरविण्याची वेळ आली तेव्हा. फील्ड टार्गेटच्या चाकाने हा तिढाही हाताळला आहे : ते मूळ नॉबवर लहान स्क्रूंनी किंवा रबरी कड्याच्या पकडीने बसते आणि खेळ संपला की काढून ठेवता येते. मैदानावर मोठा घेर, पिशवीत मूळचा बुटका नॉब, आणि दोन्ही वेळा आतली ओ-रिंग अस्पर्शित.