डब्यावरचा ‘सपोर्ट’

अमेरिकेत घोड्यांच्या खाद्याच्या दुकानात गेलात, तर एक अख्खी फळी लठ्ठ घोड्यांसाठी असते. सगळ्या डब्यांवर क्रियापद एकच: ‘सपोर्ट्स’. चयापचयाला सपोर्ट, खुरांना सपोर्ट. ‘बरं करतो’ असं कोणी लिहीत नाही, कारण तसं लिहिलं की एफडीएच्या लेखी ते औषध ठरतं आणि पुरावा द्यावा लागतो. माणसांच्या सप्लिमेंटसाठी 1994चा कायदा तरी आहे. जनावरांना तो लागूच नाही.

आत काय? क्रोमियम, मॅग्नेशियम, दालचिनी. दालचिनी वाचून मला हसूच आलं. आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा मधुमेहाचा काढा थेट तबेल्यात!

पण घोड्याचा आजार म्हणजे आत्याचा मधुमेह नव्हे. इक्वाइन मेटाबोलिक सिंड्रोममध्ये रक्तातली साखर बहुतेकदा ठीकच असते. वाढतं ते इन्सुलिन. आणि ते एकटंच पुरेसं घातक आहे. 2007मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट पोनींना सलग इन्सुलिन दिलं, तर तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे हाड आणि खूर जोडणारे पापुद्रेच सैल पडायला लागतात. घोडा पाऊल टाकायला तयार होत नाही. ते एकदा बघितलं की ‘सपोर्ट’ हा शब्द फार हलका वाटतो.

क्रोमियम-मॅग्नेशियमची परीक्षाही झालीय. 2011च्या एका प्रयोगात आधी लॅमिनायटिस होऊन गेलेल्या लठ्ठ घोड्यांना ते 16 आठवडे दिलं. ना चरबी हटली, ना इन्सुलिन. प्रयोग छोटा होता, मान्य. पण मग मोठा करायची जबाबदारी कोणाची, डबा विकणाऱ्याची की विकत घेणाऱ्याची?

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. डबा घेतला की मालकाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि कुरणाचं फाटक उघडंच राहतं. उपाय कंटाळवाणा आहे: वजनाच्या साधारण दीड टक्का सुकं गवत, तेही तोलून, साखर कमी व्हावी म्हणून पाण्यात भिजवलेलं, खूर दुखत नसतील तर व्यायाम. गंमत अशी, की भिजवताना साखरेबरोबर खनिजंही वाहून जातात, त्यामुळे पुरवणी खरंच लागते. पण ती साधी: तांबं, झिंक, व्हिटॅमिन ई, थोडं प्रथिन. दुकानात ती खालच्या फळीवर असते, वाकून शोधावी लागते.