डब्यातले जाळे

अन्नसाखळी शिकवून झाली की पुढच्या तासाला अन्नजाळे शिकवावे लागते, आणि तिथे फळा अपुरा पडू लागतो. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप आणि सापाला मोर, इथवर ओळ सरळ असते. पण मोर नाकतोडेही टिपतो आणि धान्याचे दाणेही. साप उंदीर खातो आणि उंदीर पुन्हा धान्यावरच जगतो. बाण एकमेकांना छेदू लागतात. हे सगळे संगणकात कसे साठवायचे, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले तर त्याला देण्याजोगे एक उत्तर म्हणजे ग्राफ डेटाबेस. या जातीतले सर्वांत परिचित नाव निओफोरजे हे आहे. पुष्कळ जण तो आपल्या संगणकावर थेट न बसवता डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवतात. डेटाबेस म्हणून तो कसा आहे, हा प्रश्न आम्ही येथे थोडक्यात आटोपणार आहोत. शिकणाऱ्याच्या हाती तो ज्या रूपात पडतो त्या रूपाचे परीक्षण करणे, हा आमचा हेतू आहे.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. शाळेत ग्राफ म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेला आलेख. इथला ग्राफ तो नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढाच इथे अर्थ. ऑयलरने १७३५-३६ साली क्योनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवताना नदी, बेटे, अंतरे सगळे बाजूला सारून जमिनीच्या चार तुकड्यांना बिंदू मानले आणि सात पुलांना रेषा; या शास्त्राची सुरुवात तिथून मानतात. निओफोरजेमध्ये बिंदूला गुणधर्म असतात (नाव, वर्ग, आढळ) आणि रेषेलाही नाव, दिशा व गुणधर्म असतात. 'साप' हा बिंदू, 'बेडूक' हा बिंदू आणि त्यांच्यामध्ये 'खातो' ही दिशा असलेली रेषा. फळ्यावर जे काढले तेच साठवले जाते, ही या मांडणीची खरी गोडी आहे.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या तक्त्यांच्या पद्धतीत हेच काम करायला दोन तक्ते लागतात: एक प्राण्यांचा, दुसरा 'कोण कोणाला खातो' याचा. 'गवतापासून मोरापर्यंत जाणारे सर्व मार्ग दाखवा' असा प्रश्न आला की दुसरा तक्ता स्वतःलाच पुन्हा पुन्हा जोडावा लागतो, आणि पायऱ्या किती हे आधी ठाऊक नसते. (१९९९ च्या एसक्यूएल प्रमाणकात यासाठी सोय झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, पण ती नवशिक्याच्या पचनी पडणारी नाही.) निओफोरजेमध्ये प्रत्येक बिंदूच्या नोंदीतच त्याच्या जोडण्यांकडे जाणारा पत्ता असतो. त्यामुळे शेजारी शोधण्यासाठी सगळा तक्ता धुंडाळावा लागत नाही. २०१६ मध्ये पनामा पेपर्सच्या सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रांतून कोणती कंपनी कोणाची, हे धागे शोधताना पत्रकारांनी हाच डेटाबेस वापरला होता. त्याच्या जन्मकथेत आपल्या मुंबईचेही नाव येते. २००० साली मुंबईला येणाऱ्या विमानात आपण या मांडणीची पहिली आकृती कागदी रुमालावर काढली, असे त्याचे स्वीडिश जनक एमिल आयफ्रेम सांगतात. पहिली पूर्ण आवृत्ती मात्र २०१० मध्ये आली.

आता डब्याकडे वळू. कंटेनर म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक, असे सांगितले जाते. ते चूक आहे. दुसरा संगणक भासवणारी गोष्ट वेगळी. तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि तिच्यात स्वतंत्र कार्यप्रणाली असते. ती स्वतंत्र बंगल्यासारखी. कंटेनर ही चाळीतली खोली आहे. पाया एकच, पाण्याची टाकी एकच, दारे मात्र वेगळी. लिनक्सचा गाभा सर्व खोल्यांना सामाईक असतो. एका खोलीतल्या आज्ञावलीला दुसऱ्या खोलीतले काही दिसू नये, ही व्यवस्था 'नेमस्पेस' करतात. कोणी किती पाणी भरावे, म्हणजे किती मेमरी व किती प्रोसेसर वापरावा, हे 'सीग्रुप' ठरवतात. सीग्रुप लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये आले. डॉकर २०१३ मध्ये आले आणि त्याने या जुन्या सोयींना एक सुटसुटीत कुलूप-किल्ली दिली. विंडोजच्या संगणकावर आधी एक छोटा लिनक्स बंगला उभारून मग त्यात चाळ बांधली जाते, म्हणून तिथे सगळेच थोडे जड वाटते.

निओफोरजेच्या बाबतीत या खोलीचा पहिला फायदा खराखुरा आहे. तो जाव्हावर चालतो, आणि पाचव्या मालिकेला जाव्हाची सतरावी आवृत्ती लागते, तर २०२५ पासूनच्या आवृत्त्यांना एकविसावी. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या वीस संगणकांवर वीस प्रकारचे जाव्हा असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कंटेनरमध्ये योग्य जाव्हा सामानासहित येते. एका ओळीची आज्ञा दिली की सर्व्हर सुरू. पण ही एक ओळ जे झाकते, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

त्या ओळीत दोन दरवाजे उघडावे लागतात: ७४७४ आणि ७६८७. पहिल्यावर ब्राउझरमध्ये दिसणारे पान मिळते. दुसऱ्यावर 'बोल्ट' नावाच्या संकेतपद्धतीने खरे प्रश्नोत्तर चालते. नवशिक्या बहुधा पहिलाच उघडतो. पान नीट दिसते, परवलीचा शब्द टाकला की मात्र जोडणी होत नाही. शब्द चुकला असेल म्हणून तो पुन्हा पुन्हा टाकून पाहिला जातो. खरी गोष्ट अशी की ते पान त्याच्या ब्राउझरमध्ये येऊन पोचल्यावर तिथूनच, म्हणजे खोलीच्या बाहेरून, दुसरे दार ठोठावत असते आणि ते बंद असते. आमच्या मते हा प्रसंग शिक्षकाने मुद्दाम घडवून आणण्याजोगा आहे. 'पान कुठे तयार होते, चालते कुठे आणि माहिती कुठून येते' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून चांगले कुठे कळणार? मात्र मार्गदर्शक पुस्तिकांत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पुढे जाण्याची रीत आहे. ते दोन का, हे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

दुसरी अडचण नावांची. निओफोरजेच्या सेटिंगची नावे टिंबांनी तोडलेली असतात: सर्व्हर, टिंब, मेमरी, टिंब, हीप, टिंब, मॅक्स आणि साइज, या शेवटच्या दोघांत अधोरेषा. कंटेनरला ही सेटिंगे बाहेरून द्यायची तर ती एनव्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणून द्यावी लागतात, आणि त्यांच्या नावात टिंब सोयीचे नसते. म्हणून नियम असा केला आहे: आधी उत्पादनाचे नाव मोठ्या लिपीत, मग प्रत्येक टिंबाच्या जागी एक अधोरेषा, आणि मुळात अधोरेषा असेल तिथे दोन. तर्क निर्दोष आहे. टिंब आणि अधोरेषा यांची गल्लत होऊ नये म्हणून दुसरा उपाय नव्हता. पण एक अधोरेषा कमी पडली की भलतेच सेटिंग तयार होते. चौथ्या मालिकेत असे अनोळखी नाव निमूटपणे सोडून दिले जाई आणि विद्यार्थी आपण मेमरी वाढवली अशा समजुतीत राही. पाचव्या मालिकेपासून (२०२२) अनोळखी नाव दिसताच सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. आम्ही हा बदल चांगला मानतो. चुकीची जाणीव करून देणारे उपकरण हेच प्रयोगशाळेच्या कामाचे.

याच नियमाची एक गंमत मोठ्या व्यवस्थांमध्ये दिसते. कुबरनेटिस ही अनेक कंटेनर सांभाळणारी प्रणाली प्रत्येक सेवेच्या नावाने काही व्हेरिएबल आपणहून प्रत्येक खोलीत टाकते. सेवेला कोणी सहज 'निओफोरजे' असेच नाव दिले, तर त्या व्हेरिएबलांची सुरुवात नेमकी त्याच उत्पादन-नावाने होते. मग सर्व्हर त्यांना सेटिंग समजतो, ओळखत नाही आणि सुरू होत नाही. दोन सोयी एकत्र येऊन एक गैरसोय कशी जन्माला येते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

परवलीच्या शब्दाचेही तसेच. तो आज्ञेतच द्यायची सोय आहे, पण ती फक्त पहिल्या वेळी लागू होते. साठवणीत एकदा शब्द नोंदला गेला की नंतर आज्ञेत काहीही लिहिले तरी जुनाच चालतो. हे बरोबरच आहे, कारण नाहीतर कोणीही नवी आज्ञा देऊन कुलूप बदलले असते. परंतु आज्ञेत लिहिलेले आणि प्रत्यक्षात चालणारे यांत फरक पडू शकतो, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते. या कटकटीला कंटाळून परवलीचा शब्दच बंद करण्याचा जो पर्याय नमुना-आज्ञांत दिलेला आढळतो, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. डॉकर आपणहून उघडलेला दरवाजा केवळ त्या संगणकापुरता उघडत नाही. तो जाळ्यातल्या सर्वांना उघडा होतो. लिनक्सवरची नेहमीची साधी फायरवॉलही त्याला पुष्कळदा अडवत नाही. म्हणजे प्रयोगशाळेतल्या शेजारच्या बाकावरचा मुलगा एका ओळीत वर्गाचे सगळे अन्नजाळे पुसू शकतो. दरवाजा फक्त स्वतःच्या संगणकापुरता उघडण्यासाठी आकड्याआधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा लागतो. हे पहिल्याच पानावर यायला हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. खोली रिकामी केली की खोलीतले सामान कुठे जाते? कंटेनर थांबवणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. थांबवला तर माहिती शाबूत राहते. काढून टाकला तर एक तर माहिती त्याच्याबरोबर जाते, नाहीतर नाव नसलेल्या एखाद्या व्हॉल्यूममध्ये पडून राहते आणि नवशिक्याला ती सापडत नाही. परिणाम एकच. यावर उपाय म्हणजे आतला 'डेटा' नावाचा कप्पा बाहेरच्या फोल्डरला किंवा नाव दिलेल्या व्हॉल्यूमला जोडणे. एखाद्या शाळेने वर्षभर परिसरातल्या पक्ष्यांच्या, किड्यांच्या, झाडांच्या नोंदी केल्या आणि त्यांचे जाळे या डेटाबेसात भरले अशी कल्पना करा. नव्या आवृत्तीसाठी जुना कंटेनर काढून टाकल्याबरोबर ते काम जाऊ शकते. कंटेनर टाकाऊ असावा आणि माहिती टिकाऊ, हे या तंत्राचे मूळ तत्त्व आहे. एका ओळीच्या आज्ञेत मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात दिसतात.

आणि माहितीची प्रत काढायची म्हटले, तर पेच आणखी गोड आहे. मोफत मिळणाऱ्या कम्युनिटी आवृत्तीत प्रत काढण्यापूर्वी डेटाबेस थांबवावा लागतो. पण कंटेनरमध्ये डेटाबेस हीच मुख्य प्रक्रिया असते. ती थांबली की कंटेनरच थांबतो, आणि थांबलेल्या कंटेनरमध्ये प्रत काढण्याची आज्ञा देता येत नाही. खोलीतला दिवा विझवला की दारही बंद होते! सुटका अशी: पहिला कंटेनर थांबवायचा, त्याच इमेजचा दुसरा, तात्पुरता कंटेनर त्याच व्हॉल्यूमला जोडून उघडायचा आणि त्यात सर्व्हरऐवजी केवळ प्रत काढण्याची आज्ञा चालवायची. हे एकदा वर्गासमोर करून दाखवले, तर इमेज, कंटेनर आणि व्हॉल्यूम यांतला फरक व्याख्या न सांगता कळतो. चालू डेटाबेसाची प्रत काढण्याची सोय विकतच्या एंटरप्राइझ आवृत्तीत आहे. अनेक सर्व्हर एकत्र जोडण्याचीही तिथेच. शाळेला दोन्ही लागत नाहीत.

थांबवण्यासंबंधी एक बारीक गोष्ट. डॉकर प्रथम सभ्यपणे 'आवरा' असा संदेश देते आणि दहा सेकंदांनी बळाने बंद करते. चाळीस प्राण्यांच्या अन्नजाळ्याला दहा सेकंद भरपूर झाले. मोठ्या साठ्याला ते कमी पडू शकतात. तेव्हा ही मुदत वाढवून द्यावी. व्यवहारांची नोंदवही असल्यामुळे माहिती सहसा जात नाही, पण पुढच्या वेळी सुरू व्हायला उशीर लागतो.

मेमरीबद्दल फार लिहीत नाही. जाव्हाची हीप आणि डिस्कवरची पाने धरून ठेवणारा पेज कॅश हे दोन वेगळे भाग आहेत. कंटेनरला दिलेली मर्यादा या दोन्हींच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त ठेवावी, कारण जाव्हा हीपच्या बाहेरही जागा घेते. मर्यादा ओलांडली की लिनक्सचा गाभा प्रक्रियाच मारून टाकतो, आणि निओफोरजेच्या नोंदवहीत त्याचे कारण सापडत नाही, कारण मरणाऱ्याला लिहायला वेळच मिळालेला नसतो.

मग शाळेने हे वापरावे का? नुसत्या अन्नजाळ्यासाठी सर्व्हरच नको. पायथॉनमधील एक साधी डिक्शनरी पुरते आणि मुलांना ती स्वतः लिहिता येते. ग्राफ डेटाबेसची प्रश्न विचारण्याची भाषा शिकायची असेल, तर निओफोरजे एका संगणकावर थेट बसवून पाहावा. त्याच्या सायफर भाषेचा ठसा असलेली जीक्यूएल ही भाषा २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाली आहे, त्यामुळे ती मेहनत वाया जात नाही. कंटेनर घ्यावा तो अकरावी-बारावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी, आणि तोही कंटेनर समजून घेण्यासाठी. शिक्षकाने आज्ञेऐवजी कंपोजची एक फाइल तयार ठेवावी. तिच्यात दोन दरवाजे, नाव दिलेला व्हॉल्यूम आणि मेमरीची मर्यादा प्रत्येकी वेगळ्या ओळीवर असावी, आणि 'लेटेस्ट' असे न लिहिता आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहिलेला असावा. 'लेटेस्ट' लिहिल्यास इमेज नव्याने उतरवली की अचानक नवी मालिका येऊ शकते. चौथ्या मालिकेतली साठवण पाचवीला आपणहून उघडता येत नाही. आधी स्थलांतराची वेगळी आज्ञा चालवावी लागते, आणि तीही वरच्याप्रमाणेच तात्पुरत्या कंटेनरमधून.